चुकलेला नेम आणि राखीव खेळाडू
अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासातील दोन अंतिम सामने : १९६३ व १९६४

खेळांचा इतिहास बहुधा गुण मिळविणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बास्केटबॉलही यास अपवाद नाही. कडीतून चेंडू पार करणारा खेळाडू प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरतो, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याचे नाव येते आणि कालांतराने इतिहासकाराच्या टिपणवहीतही तेच नाव शिरते. याउलट चुकलेला चेंडू कोणी हस्तगत केला आणि दमलेल्या खेळाडूच्या जागी उतरून कोणी डाव सावरला, हे प्रश्न बहुतेक वृत्तांतांत एखाद्या वाक्यावर निभावून नेलेले आढळतात. वस्तुतः गेल्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलकडे बारकाईने पाहिले असता जय-पराजयाची उकल याच दोन प्रश्नांच्या उत्तरांत पुष्कळ अंशी सापडते.

फळीवरून वा कडीवरून परतलेला चेंडू मिळविण्यास खेळाडूंच्या परिभाषेत ‘रिबाउंड’ म्हणतात. तोच शब्द येथे वापरला आहे. संघाच्या पहिल्या पाच खेळाडूंखेरीज विश्वासाने मैदानात उतरविता येतील अशा खेळाडूंच्या सामर्थ्यास ‘राखीव बळ’ असे म्हटले आहे. या दोन गोष्टी परस्परांत कशा गुंतलेल्या आहेत, नियमांतील कोणत्या बदलांमुळे त्यांना महत्त्व आले, आणि राखीव बळ ही केवळ प्रशिक्षकाच्या चातुर्याची बाब नसून समाजरचनेचीही बाब कशी होती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. नियमांची घडण

डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत, जेम्स नायस्मिथ यांनी हिवाळ्यात बंदिस्त जागी खेळता यावा म्हणून हा खेळ रचला. मूळचे नियम तेरा होते. पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर ठोकलेल्या होत्या, आणि वर्गातील अठरा विद्यार्थ्यांमुळे दोन्ही बाजूंस नऊ-नऊ खेळाडू होते. पाच खेळाडूंचा संघ ही आज आपणास स्वाभाविक वाटणारी व्यवस्था नंतर, १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, स्थिर झाली.

टोपलीमागील फळी हीदेखील मूळ कल्पनेचा भाग नव्हती. सज्जात बसलेले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवीत किंवा आत ढकलीत. त्यांना प्रतिबंध करण्यासाठी ती आली. प्रेक्षकांना आवरण्यासाठी घातलेल्या या आडोशामुळे चुकलेला चेंडू पुन्हा खेळात परतू लागला, आणि तो मिळविण्याची स्वतंत्र विद्या उदयास आली.

तथापि या विद्येला पूर्ण मोल येण्यास पुढे चार दशके लागली. १९३७ पर्यंत प्रत्येक यशस्वी नेमानंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागी नेऊन दोन खेळाडूंत उडी लावण्याची प्रथा होती. ज्याच्यापाशी उंच व चपळ उडी मारणारा खेळाडू, त्याच्या संघाकडे गुण मिळविल्यावरही चेंडू पुनःपुन्हा येई. १९३७-३८ च्या हंगामापासून ही उडी रद्द झाली व गुण झाल्यावर चेंडू प्रतिपक्षाकडे जाऊ लागला. या एका बदलाचे परिणाम दूरवर पोहोचले. नेम साधला तर चेंडू कोणाचा हे आता ठरलेलेच होते. तो चुकला तरच चेंडूचा मालक अनिश्चित राही. म्हणजे चेंडूसाठीचा खरा झगडा मैदानाच्या मध्यातून उठून कडीखाली आला. दुसरा परिणाम असा की, प्रत्येक गुणानंतर मिळणारी विश्रांती संपली. खेळ अखंड धावू लागला आणि दमसासाचा प्रश्न पुढे आला.

राखीव खेळाडूंविषयीचे नियमही याच काळात सैल होत गेले. आरंभी एकदा बाहेर पडलेल्या खेळाडूस त्या सामन्यात परतण्याची मुभा नव्हती. १९२० च्या सुमारास एकदा, व १९३३-३४ पासून दोनदा परतण्याची परवानगी मिळाली. १९४४-४५ च्या हंगामापासून हे बंधन सर्वस्वी उठले. त्याच वेळी खेळाडू बाद होण्यासाठी लागणाऱ्या वैयक्तिक फाउलांची संख्या चारांवरून पाच झाली, आणि कडीकडे खाली येणारा चेंडू उंच खेळाडूंनी वरच्या वर अडविण्यास मनाई झाली. या तरतुदी एकत्र वाचल्या पाहिजेत. खाली येणारा चेंडू अडविता येत नसल्याने उंच खेळाडूस चुकलेल्या चेंडूची वाट पाहणे भाग पडले, आणि खेळाडू हवा तेव्हा बदलता येऊ लागल्याने प्रशिक्षकास दमाचा हिशेब मांडणे शक्य झाले. १९३७ ते १९४४ या सात वर्षांत आधुनिक बास्केटबॉलचा पाया घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

२. सॅन फ्रान्सिस्कोचा धडा

या नव्या परिस्थितीचा पहिला मोठा लाभ उठविला तो सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने. फिल वूलपर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली या विद्यापीठाने १९५५ व १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि सलग ६० सामने जिंकले. संघाचा आधारस्तंभ होता बिल रसेल. महाविद्यालयीन कारकिर्दीत त्याने प्रत्येक सामन्यामागे सरासरी २० हून अधिक रिबाउंड मिळविले. १९५६ च्या अंतिम सामन्यात आयोवाविरुद्ध (८३-७१) त्याने २६ गुण केले व २७ रिबाउंड घेतले. त्याच्यासारख्या उंच खेळाडूंचे कडीखालील ठाण मोडावे म्हणून १९५० च्या दशकाच्या मध्यास कडीखालच्या पट्ट्याची रुंदी सहा फुटांवरून बारा फुटांवर नेण्यात आली. रिबाउंडचे महत्त्व नियमकर्त्यांनीच अशा रीतीने मान्य केले.

परंतु या संघाच्या कथेत सहसा दुर्लक्षिला जाणारा एक भाग आहे. संघाचा दुसरा मोठा खेळाडू के. सी. जोन्स हा १९५६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळूच शकला नाही. पूर्वीच्या एका हंगामात एकच सामना खेळून तो आजारी पडला होता, म्हणून त्यास एक वाढीव हंगाम मिळाला. परंतु ही सवलत राष्ट्रीय स्पर्धेस लागू नव्हती. त्याच्या जागी जीन ब्राउन उतरला आणि संघाने स्पर्धेतील चारही सामने जिंकले. रसेलच्या २७ रिबाउंडांची कथा सांगताना, ज्याच्यावाचून संघ लंगडा पडावयाचा त्या जोन्सची उणीव कोणी भरून काढली, हेही सांगितले पाहिजे.

३. १९६३ : राखीव बळावाचून मिळालेला विजय

येथवरच्या विवेचनावरून राखीव बळ व रिबाउंड ही जोडी विजयाला अनिवार्य आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. १९६३ चा अंतिम सामना त्या निष्कर्षास अडवितो, आणि म्हणूनच तो अधिक अभ्यसनीय आहे.

२३ मार्च १९६३ रोजी लुईव्हिल येथे शिकागोचे लोयोला विद्यापीठ व सिनसिनाटी विद्यापीठ यांची गाठ पडली. सिनसिनाटीने १९६१ व १९६२ ची अजिंक्यपदे मिळविलेली होती आणि तिसऱ्याची अपेक्षा होती. जॉर्ज आयर्लंड यांच्या लोयोला संघाचे राखीव बळ हंगामाच्या मध्यावरच खचले होते, कारण अभ्यासविषयक अटींमुळे दोन चांगले राखीव खेळाडू संघाबाहेर गेले होते. उत्तरार्धात सिनसिनाटीची आघाडी १५ गुणांपर्यंत गेली. अखेरच्या काही सेकंदांत जेरी हार्कनेसने बरोबरी साधली व सामना वाढीव वेळेत गेला. त्याही वेळेच्या शेवटच्या क्षणी लेस हंटरचा नेम चुकला, परतलेला चेंडू व्हिक राऊसने उचलून कडीत घातला, आणि लोयोलाने ६०-५८ असा सामना जिंकला. पूर्ण ४५ मिनिटे लोयोलाचे तेच पाच खेळाडू मैदानात होते. एकही बदल झाला नाही.

या सामन्याचे आकडे मोठे बोलके आहेत. लोयोलाने ८४ नेम घेतले व त्यांतील अवघे २३ साधले. सिनसिनाटीने ४५ नेम घेऊन २२ साधले. नेमबाजीच्या कसोटीवर सिनसिनाटी निःसंशय सरस ठरते, कारण तिने जवळजवळ निम्मे नेम साधले, तर लोयोलाने चारांतून जेमतेम एक. फ्री थ्रोवर दोन्ही संघांनी प्रत्येकी १४ गुण मिळविले, तेव्हा तेथेही फरक नाही. मग लोयोला जिंकली कशी? उत्तर ३९ या संख्येत आहे. लोयोलाला ३९ नेम अधिक घेता आले.

हे जादा नेम आले कोठून, याचाही हिशेब मांडता येतो. सिनसिनाटीने चेंडू हातचा घालविण्याचे प्रसंग १६ होते, लोयोलाचे केवळ ३. म्हणजे १३ संधींचा फरक येथे पडला. उरलेल्या फरकाचा मोठा वाटा स्वतःचेच चुकलेले चेंडू पुन्हा हस्तगत करण्यात असला पाहिजे, कारण बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघांकडे चेंडू आळीपाळीने जातो. एका पाळीत दुसरा नेम घ्यावयाचा तर पहिला चुकलेला चेंडू आपणच मिळवावा लागतो. हंटर व राऊस यांची कामगिरी या दृष्टीने पाहावी. सामन्याचा शेवटचा गुणही असाच, सहकाऱ्याच्या चुकलेल्या नेमातून, जन्मास आला.

तेव्हा राखीव बळावाचून लोयोला जिंकली हे खरे. पण तो सामना संथ होता हे विसरता कामा नये. त्या काळी ठराविक वेळात नेम घेण्याचे बंधन महाविद्यालयीन खेळात नव्हते (ते १९८५-८६ मध्ये आले), आणि आघाडी मिळाल्यावर सिनसिनाटीने चेंडू खेळवीत वेळ काढण्याचे धोरण पत्करले. त्या धोरणाने लोयोलाच्या पाच जणांना अनायासे श्वास घेण्यास अवसर दिला, असे अनुमान काढणे अवाजवी होणार नाही. प्रतिपक्षाने वेग वाढविला असता तर त्या पाचांचा दम कितपत पुरला असता, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पुढील वर्षीच्या सामन्यात निराळ्या मार्गाने मिळते.

४. १९६४ : राखीव खेळाडूंनी जिंकलेला सामना

२१ मार्च १९६४ रोजी कॅन्सस सिटी येथे लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूसीएलए) व उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठ हे अंतिम सामन्यात परस्परांसमोर आले. यूसीएलएने त्या हंगामात एकही सामना गमावला नव्हता. परंतु तिच्या पहिल्या पाचांत ६ फूट ५ इंचांहून उंच असा एकही खेळाडू नव्हता. ड्यूककडे ६ फूट १० इंच उंचीचे दोघे होते. कडीखाली यूसीएलएचा टिकाव लागणार नाही, असे मानण्यास सबळ आधार होता.

प्रशिक्षक जॉन वुडन यांचे उत्तर कडीखाली नव्हते. ते संपूर्ण मैदानावर पसरलेले होते. प्रतिपक्ष आपल्या टोकाकडून चेंडू आत घेताच त्यास घेरावयाचे, घाईने चेंडू टाकावयास लावावयाचे व मधल्या मधे तो पळवावयाचा, असा हा ‘झोन प्रेस’ होता. पूर्वार्धात ड्यूक ३०-२७ अशी पुढे असता यूसीएलएने अडीच-तीन मिनिटांत लागोपाठ १६ गुण मिळविले, आणि शेवटी ९८-८३ असा विजय संपादन केला. बहुतेक वृत्तांत याच क्षणाभोवती रचलेले आहेत. गेल गुडरिचच्या २७ गुणांचेही त्यांत यथोचित कौतुक असते.

परंतु सामन्याच्या नोंदीत याहून महत्त्वाच्या दोन ओळी आहेत. राखीव खेळाडू केनी वॉशिंग्टन याने २६ गुण व १२ रिबाउंड मिळविले. दुसरा राखीव खेळाडू डग मॅकिंटॉश याने ११ रिबाउंड घेतले. फ्रेड स्लॉटर या नेहमीच्या मध्य-खेळाडूचा त्या दिवशी प्रभाव पडत नसल्याने तो उतरला होता. आरंभीच्या पाचांत नसलेल्या दोघांनी मिळून २३ रिबाउंड घेतले, आणि तेही आपल्याहून चांगल्या वीतभर उंच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध.

हे कसे घडले? रिबाउंड हा केवळ उंचीचा खेळ नाही. नेम सुटताच प्रतिस्पर्ध्यास पाठीशी घालून जागा धरावी लागते, चेंडू कोणत्या बाजूस पडेल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि एकदा नव्हे तर दोन-तीनदा लागोपाठ उडी घ्यावी लागते. जागा धरणे ही पायांची कामगिरी आहे, आणि पाय प्रथम थकतात. ड्यूकचे उंच खेळाडू मैदानभर पळून दमत असता यूसीएलएचे ताजे खेळाडू आत येत होते. प्रेसने प्रतिपक्षास थकविले, राखीव बळाने स्वतःच्या संघास ताजे ठेवले, आणि या दोहोंतील अंतर रिबाउंडच्या रूपाने नोंदले गेले. राखीव बळ व रिबाउंड या दोन गोष्टी एकाच साखळीचे दुवे आहेत, ते या अर्थाने. एकीचे फळ दुसरीत दिसते. १९६५ च्या अंतिम सामन्यातही यूसीएलएने मिशिगनचा ९१-८० असा पराभव केला. गुडरिचच्या ४२ गुणांचा तो सामना म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्यातही राखीव वॉशिंग्टनचे १७ गुण होते.

५. राखीव जागेवर कोण बसू शकत होते?

येथे एक प्रश्न उपस्थित होतो व तो क्रीडातंत्राच्या बाहेर नेणारा आहे. २६ गुण व १२ रिबाउंड मिळविण्याची योग्यता असलेला खेळाडू यूसीएलएच्या राखीव जागेवर कसा आला? केनी वॉशिंग्टन हा दक्षिण कॅरोलायनातील बोफर्ट गावचा कृष्णवर्णीय तरुण. त्याने उच्च शिक्षणासाठी घर सोडले तेव्हा त्याच्या राज्याचे विद्यापीठ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होते. ते १९६३ मध्ये खुले झाले. ज्या ड्यूकविरुद्ध तो खेळला, त्या विद्यापीठानेही पदवी अभ्यासक्रमात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६३ मध्येच घेतले होते, आणि त्याच्या बास्केटबॉल संघात त्या वर्षी सर्व श्वेतवर्णीय होते. सारांश, शेजारच्या राज्यातील विद्यापीठाने जे बळ नाकारले तेच हजारो मैलांवरील विद्यापीठाच्या राखीव जागेवरून उठून त्याच्याविरुद्ध उभे राहिले.

लोयोलाची कथाही हीच साक्ष देते. तिच्या पहिल्या पाचांत चार कृष्णवर्णीय होते, आणि ते त्या काळच्या अलिखित मर्यादेचे उल्लंघन होते. त्याच १९६३ च्या स्पर्धेत लोयोलाशी खेळता यावे म्हणून मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या संघास न्यायालयीन मनाई चुकवून गुपचूप राज्याबाहेर पडावे लागले. मिश्रवर्णीय संघांशी न खेळण्याच्या राज्याच्या धोरणामुळे या विद्यापीठाने पूर्वीची निमंत्रणे नाकारली होती. १५ मार्च १९६३ रोजी ईस्ट लॅन्सिंग येथे झालेला तो सामना लोयोलाने ६१-५१ असा जिंकला.

यावरून राखीव बळाची व्याख्या विस्तारणे आवश्यक ठरते. बाकावर किती जण बसले आहेत, ही झाली गणती. त्या बाकापर्यंत येण्याची वाट कोणाकोणास खुली होती, हा झाला इतिहास. त्या काळी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात सर्वसाधारणपणे प्रवेश नसे. ही बंदी १९७२-७३ पासून उठली. ती सर्वांना सारखी लागू होती, म्हणून तिच्यामुळे कोणा एका संघाचे विशेष नुकसान झाले नाही. वर्णभेदाची बंदी तशी नव्हती. ती ज्यांनी पाळली त्यांनी आपलेच राखीव बळ स्वहस्ते घटविले.

६. आकड्यांची मर्यादा

एक इशारा देणे अगत्याचे आहे. रिबाउंडची नुसती बेरीज फसवी असते. प्रतिपक्षाचे नेम जितके अधिक चुकतील तितके आपणास चेंडू अधिक मिळणार; म्हणून मोठी बेरीज कधी आपल्या पराक्रमाची, तर कधी केवळ दुसऱ्याच्या चुकांची द्योतक असते. १९५० व १९६० च्या दशकांत निम्म्याहून अधिक नेम चुकत. सबब त्या काळच्या रिबाउंड-संख्या आजच्या संख्यांशी सरळ ताडून पाहणे सदोष होय. उपलब्ध चेंडूंपैकी किती मिळविले हे प्रमाणच ग्राह्य धरले पाहिजे.

तसेच रिबाउंड हे विजयाचे एकमेव कारण नव्हे. १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सस वेस्टर्नने केंटकीवर ७२-६५ असा विजय मिळविला. दोन्ही संघांच्या रिबाउंडांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता, आणि मैदानातून साधलेले नेम तर केंटकीचेच पाच अधिक (२७ विरुद्ध २२) होते. निकाल लागला फ्री थ्रोवर. टेक्सस वेस्टर्नने तेथे २८ गुण मिळविले, केंटकीने ११. डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात विजयाचे चार घटक मानले आहेत : नेमबाजीची अचूकता, चेंडू हातचा न घालविणे, रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यांत नेमबाजीस पहिले स्थान आहे, रिबाउंडला तिसरे. १९६३ चा सामना दुसऱ्या व तिसऱ्या घटकाच्या बळावर पहिल्यावर मात करता येते हे दाखवितो, आणि १९६६ चा सामना चौथ्याचे मोल दाखवितो.

राखीव बळ मात्र या चारांत स्वतंत्रपणे कोठेच नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते स्वतः नोंदले जात नाही. इतर घटकांत मिसळून जाते. थकलेल्या हातून चेंडू सुटतो, थकलेल्या पायांनी फाउल होतो, थकलेल्या शरीराकडून जागा धरली जात नाही. या गोष्टी टाळणारा राखीव खेळाडू गुणफलकावर दिसतोच असे नाही. वॉशिंग्टन दिसला तो त्याने २६ गुण केले म्हणून. मॅकिंटॉशचे नाव मागे पडले, कारण त्याची कामगिरी चुकलेल्या चेंडूंवरची होती.

या विवेचनातून एवढे निष्पन्न होते की, १९३७ नंतर बास्केटबॉलमधील विजय हा उत्तरोत्तर संधींच्या संख्येचा व ती संख्या अखेरपर्यंत टिकविण्याचा प्रश्न होत गेला. रिबाउंडने संधी मिळते, राखीव बळाने ती टिकते. लोयोलाने पहिलीच्या जोरावर दुसरीची उणीव एका दिवसापुरती भरून काढली. यूसीएलएने दोन्हींचा मेळ घातला, आणि १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे मिळविली. पुढील काळात तिला लाभलेले अतिउंच व असामान्य खेळाडू हे त्या यशाचे कारण आहेच. पण पहिले अजिंक्यपद त्यांच्यावाचून आले होते. महाविद्यालयीन क्रीडेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने गुणांच्या रकान्याबरोबरच शेजारचे रकानेही वाचावेत, आणि ज्यांची नावे त्या पत्रकावर येऊच दिली गेली नाहीत त्यांचाही शोध घ्यावा. त्यावाचून विजयाची मीमांसा अपुरी राहील.